निरोप्या, सुवार्ता आणि वसईच्या विहिरी

बारामती-मोरगावच्या बाजूने अष्टविनायकाला निघालेला भाविक थेऊरला पोचला की चिंतामणीच्या देवळातली मोठी घंटा वाजवल्याशिवाय पुढे सरकत नाही. ती घंटा युरोपात ओतलेली आहे. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला आणि त्या मोहिमेतून अशा अनेक घंटा देशावर आल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकची नारोशंकराची घंटा तर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. घंटा घाट चढून वर आल्या. त्यांच्या नादावर ज्यांचा दिवस उगवत आणि मावळत होता, ती माणसे मात्र खाली वसईतच राहिली.

पोर्तुगीज शिपाई, सरदार आणि बहुतेक गोरे पाद्री गलबतांत बसून निघून गेले. मागे राहिला तो शेतात राबणारा, केळीचे बाग राखणारा, समुद्रात जाळे टाकणारा इथलाच ख्रिस्ती माणूस. दोनशे वर्षांपूर्वी, १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगिजांना दिली तेव्हा त्याच्या पूर्वजांचा राजा बदलला होता आणि पुढे धर्मही बदलला होता. आता पुन्हा राजा बदलला, धर्म बदलला नाही. या माणसांनी पेशवाईत शेतसारा भरला, देशी धर्मगुरूंच्या हातून बाप्तिस्मे करून घेतले, लग्ने लावली, आणि संध्याकाळची जपमाळ सोडली नाही.

ही गोष्ट वाटते त्याहून मोठी आहे. युरोपातल्या परंपरानिष्ठ कॅथलिकाच्या मनात दोन शतके एक सल आहे. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीने त्याचा राजा गेला. १८६४ मध्ये नववे पायस या पोपनी आधुनिक विचारातल्या ८० चुकांची यादीच जाहीर केली, आणि १८७० मध्ये खुद्द रोम शहर पोपच्या हातून निसटले. तिथल्या जुन्या वळणाच्या श्रद्धाळूला आधुनिक काळ म्हणजे गमावलेल्या ख्रिस्ती सिंहासनाची कहाणी वाटते. वसईच्या कॅथलिकाचे सिंहासन फ्रेंच क्रांतीच्या पन्नास वर्षे आधीच गेले होते. त्याची परंपरा राजाशिवाय जगायला शिकली. म्हणून मराठी कॅथलिकाची नव्या काळाशी झालेली भांडणे वेगळी आहेत. ती सत्तेसाठी झाली नाहीत. जमीन, पाणी, भाषा आणि माणसाचा मान यांसाठी झाली.

भाषेचे भांडण सगळ्यांत जुने. इंग्लंडात जन्मलेले जेज्वीट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला उतरले आणि त्यांनी तिथल्याच सासष्टीत आयुष्य घालवले. १६१६ मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून झाले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ. बायबलची सारी कथा ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात सांगायची, हे त्या काळच्या परदेशी धर्मगुरूला सुचले हेच विलक्षण आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणे सुटली होती आणि त्या जागी कानाला गोड लागेल असे काही मिळाले नव्हते. ती पोकळी स्टीफन्सना जाणवली, आणि त्यांनी ती रोमच्या नव्हे तर इथल्याच मापाने भरली. चर्चमध्ये हे पुराण वाचले जाई. लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, कळत नसली तरी ओवी कळत होती.

मग १६८४ साल आले. पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की स्थानिक लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. फर्मान पुरते अमलात आले नाही, पण त्याने जे व्हायचे ते नुकसान केले. ‘ख्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती लागत नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांत, लोकांनी घरोघरी उतरवून घेतलेल्या पोथ्यांत. त्यांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला रोमन लिपीत आवृत्ती काढली आणि शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली १९५६ मध्ये पुण्यात ती देवनागरीत आली. इथे परंपरा कुणी जपली आणि कुणी मोडली, हे नीट पाहिले पाहिजे. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सरकारने मोडली, आणि साध्या भाविकांनी जपली.

इंग्रजांच्या राजवटीत मुंबईच्या आणि वसईच्या कॅथलिकांच्या वाटा फुटल्या. दोघांची मुळे एकच, दोघांच्या घरात मराठीच्या बोली. पण मुंबई बेटावर आणि त्याला लागून असलेल्या सासष्टीत (गोव्यातल्या नव्हे) कचेऱ्या, रेल्वे, गोद्या उभ्या राहिल्या आणि नोकरीसाठी इंग्रजी लागली. गोव्याहून येणाऱ्या कॅथलिकांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, तिथल्या लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. सरकारदरबारी ते उपयोगी पडले. पुढे प्रार्थनाही इंग्रजीत गेली, आणि भोवतीचे शेत, मिठागर, गावठाण शहराने गिळत नेले. आज वांद्र्यात किंवा गिरगावात गल्लीच्या तोंडाशी जुने क्रूस दिसतात. त्यांतले अनेक १८९६ नंतरच्या प्लेगच्या काळात उभारलेले. क्रूस आहेत, त्यांच्यामागचे गाव उरलेले नाही.

वसई खाडीपलीकडे होती. तिथला सामवेदी कुपारी आणि वाडवळ समाज शेतीवर टिकला. निर्मळ, नंदाखाल, गास, भुईगाव, आगाशी या गावांतून केळी, पानवेल, भाजी, फुले आणि दूध रेल्वेने मुंबईला जाऊ लागले. राजेळी केळ्यांची सुकेळी हा इथला खास माल. कार्तिकातल्या एकादशीला निर्मळची यात्रा भरते. ती शंकराचार्यांच्या समाधीच्या निमित्ताने, पण बाजाराला जाणारे आणि तिथे माल मांडणारे दोन्ही धर्मांचे.

या समाजाने चालू काळाकडे कसे पाहिले याचा एक दाखला १९१८ चा आहे, आणि सहकार अंगवळणी पडलेल्या बारामती-इंदापूरच्या वाचकाला तो लगेच उमजेल. कारखानदारी आणि मजुरी यांवर तेरावे लिओ या पोपनी १८९१ मध्ये परिपत्रक काढले होते. मजुराला पोटापुरते वेतन मिळाले पाहिजे, त्याला संघटना करण्याचा हक्क आहे, आणि भांडवलशाही व समाजवाद या दोन्हींच्या टोकांना धर्माचा विरोध आहे, असा त्याचा आशय होता. वसईत गिरण्या नव्हत्या, सावकार होते. मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये पापडीला कॅथलिकांची सहकारी पतसंस्था निघाली. आजची बॅसीन कॅथलिक सहकारी बँक ती हीच. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरच्या कारखान्यांच्या कितीतरी आधी एका धर्मगुरूने केळीबागायतदाराचे कर्ज हा आपल्या धर्माचा विषय मानला होता.

देशावरची कथा निराळी. नगर जिल्ह्यात जर्मन जेज्वीटांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काम सुरू केले. त्यांतल्या हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ हे मराठी मासिक काढले. प्रॉटेस्टंटांचा ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून चालू होता. कॅथलिक त्या बाबतीत उशिरा जागे झाले. पण ‘निरोप्या’ने शतक ओलांडले आहे. मराठीत किती मासिकांच्या वाट्याला एवढे आयुष्य आले ते सहज मोजता येईल.

डोरिंग यांचे आयुष्य म्हणजे विसाव्या शतकाची धग. १९०७ मध्ये ते पुण्याचे बिशप झाले. पहिले महायुद्ध पेटले आणि जर्मन असणे हाच अपराध ठरला. मुंबई-पुणे मिशनमधल्या जर्मन धर्मगुरूंना सरकारने स्थानबद्ध केले आणि मायदेशी पाठवले. डोरिंग यांनाही पुण्यात येऊ दिले गेले नाही. १९२१ मध्ये पोपनी त्यांच्यावर जपानमधल्या हिरोशिमाची जबाबदारी दिली. १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्याला आले आणि १९४८ पर्यंत इथले धर्मप्रमुख राहिले. ते पुण्यात असतानाच, १९४५ मध्ये, त्यांच्या जुन्या धर्मप्रांताच्या शहरावर अणुबाँब पडला. जर्मनांच्या जागी पुढे स्विस जेज्वीट आले. देशाच्या आणि वंशाच्या नावाने पेटलेल्या त्या काळात एकाच माणसाला जर्मनी, महाराष्ट्र आणि जपान आपले म्हणावे लागले. जुन्या कॅथलिक शिकवणुकीचा राष्ट्रवादाबद्दलचा संशय अशा आयुष्यांतून आलेला आहे, नुसत्या पुस्तकांतून नव्हे.

स्वातंत्र्यानंतरचा सर्वांत मोठा बदल रोमहून आला. ऑक्टोबर १९६२ ते डिसेंबर १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तिने लोकभाषेत उपासना करायला परवानगी दिली. परिषद चालू असतानाच, डिसेंबर १९६४ मध्ये, सहावे पॉल हे पोप मुंबईच्या युखारिस्त काँग्रेसला आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस यांच्या मुंबईने त्यांचे स्वागत केले, आणि ओव्हल मैदानावर जमलेल्या गर्दीत हिंदू, मुसलमान, पारशी सगळेच होते.

लॅटिन जाणे युरोपातल्या अनेकांच्या जिव्हारी लागले. फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्ह्र यांनी १९७० मध्ये जुन्या उपासनेसाठी वेगळा धर्मगुरूसंघ उभारला आणि १९८८ मध्ये पोपची आज्ञा मोडून बिशप नेमले. बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ मध्ये जुन्या लॅटिन मिस्सेला मोकळीक दिली, फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये ती पुन्हा आवळली. हे भांडण अजून धुमसते आहे. त्या लोकांचे दुःख खोटे नाही. हजार-दीड हजार वर्षे घासून गुळगुळीत झालेले शब्द एका पिढीत कानाआड होतात तेव्हा माणूस पोरका होतो.

वसईत मात्र तसे झाले नाही, आणि याचे कारण स्टीफन्सपर्यंत मागे जाते. तिथे मिस्सा लॅटिनमध्ये चालली तरी जपमाळ, लग्नातली गाणी, मरणाघरची प्रार्थना सारे मराठीतच किंवा तिच्या बोलीतच होते. वेदीवर मराठी आली ती परकी म्हणून आली नाही; ओसरीवर बसलेल्या घरच्या माणसाला आत बोलावले गेले. युरोपात जे परंपरेचे तुटणे ठरले ते इथे परंपरेचे पुरे होणे ठरले. लॅटिनचे सौंदर्य गेले हा तोटा झालाच. पण मराठी कॅथलिकाची हजार वर्षे रोममध्ये गेलेली नाहीत, आणि त्याची जुनी भाषा कोणती याचे उत्तर ओव्यांनी आधीच दिलेले आहे.

परिषदेच्या थोडे आधीपासूनच धर्मगुरू मराठी संतांकडे वळू लागले होते. फ्रेंच जेज्वीट गी देल्युरी यांनी १९५६ मध्ये तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले, विठोबाच्या उपासनेवर १९६० मध्ये ग्रंथ लिहिला. पुढे वसईचे थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर डॉक्टरेट केली. १९९८ मध्ये वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हा ते त्याचे पहिले बिशप झाले आणि २००९ मध्ये पुण्याला आले. दरवर्षी आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. तो सारा मुलूख पुणे धर्मप्रांतात मोडतो, आणि त्याचे बिशप तुकारामांचे अभ्यासक होते ही गोष्ट या वाटेवरच्या लोकांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

मग आला वसईच्या पाण्याचा प्रश्न. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईची घरबांधणी खाडी ओलांडून आली. हरित पट्टा बांधकामाला मोकळा झाला, १९९० मध्ये सिडको नियोजन करू लागली. वाडीतल्या विहिरींवर पंप बसले आणि पाणी टँकरने नव्या इमारतींकडे जाऊ लागले. समुद्राकाठच्या जमिनीत गोड पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. गोडे पाणी उपसले की खारे वर सरकते, आणि एकदा विहीर मचूळ झाली की केळ आणि पानवेल दोन्ही जातात. यात गुंडगिरीही मिसळली. जमीन विकायला नकार देणारा माणूस एकटा पडू लागला.

याच वेळी ‘सुवार्ता’ या मासिकाचे संपादक होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. १९४२ मध्ये वसईच्या मातीत जन्मलेले, १९७२ मध्ये धर्मगुरू झालेले दिब्रिटो १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे संपादकपदावर होते. त्यांनी धर्मासाठी चालवलेल्या मासिकात विहीर, टँकर आणि दहशत यांना जागा दिली, आणि मग हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली लोकांना घेऊन रस्त्यावर उतरले. त्यांच्याबरोबर हिंदू शेतकरीही चालले. धर्मगुरूने राजकारणात पडू नये, असे म्हणणारे चर्चच्या आतही होते. पण ज्याच्या विहिरीत बाप्तिस्म्यापुरतेही गोडे पाणी उरणार नाही, त्याला परलोकाचे प्रवचन कसे ऐकवायचे? पर्यावरणाला वाहिलेले पहिले संपूर्ण परिपत्रक रोमहून २०१५ मध्ये आले. वसईची चळवळ त्याच्या पंचवीस वर्षे आधीची. वसई पूर्ण वाचली नाही. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, इमारती वाढतच आहेत. पश्चिमेकडे अजून जी वाडी हिरवी दिसते ती त्या झगड्यामुळे.

लोणी भापकरसारख्या बारामतीच्या जिरायती गावांना पाण्याचे मोल सांगावे लागत नाही. अशाच कोरड्या नगर जिल्ह्यात स्विस जेज्वीट हर्मन बाकर यांनी आयुष्य घालवले. १९४८ मध्ये आलेले बाकर आधी विहिरी आणि कर्ज यांच्या मागे होते, नंतर त्यांना कळले की माथ्यावर पाणी अडवल्याशिवाय पायथ्याची विहीर टिकत नाही. १९८९ मध्ये इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला, १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह वॉटर ही संस्था. डोंगरावर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावाने स्वतः पाळायची, श्रमदान करायचे, मग पैसा येणार, अशी पद्धत. उपासाचा संयम गावाच्या व्यवहारात उतरवला तर तो असाच दिसेल.

आधुनिक संस्कृतीशी मराठी कॅथलिकाचे सगळे मतभेद लोकप्रिय नाहीत, हेही नोंदले पाहिजे. २५ जुलै १९६८ च्या परिपत्रकाने सहाव्या पॉलनी कृत्रिम संततिनियमन नाकारले, तेव्हा भारतभर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगत होता. १९७१ मध्ये गर्भपाताचा कायदा झाला, चर्चने त्याला विरोध केला. शेजाऱ्यांना हे मागासपण वाटले, आणि अनेक कॅथलिक घरांनीही ते गुपचूप बाजूला ठेवले. पण आणीबाणीत नसबंदीची सक्ती सुरू झाली तेव्हा शरीरावर सरकारचा हक्क कुठवर, हा प्रश्न सगळ्यांनाच पडला. जी शिकवण हट्टी वाटत होती, तिच्यातला माणसाच्या प्रतिष्ठेचा आग्रह तेव्हा अनेकांना उघडा दिसला असेल.

त्याच प्रतिष्ठेचा प्रश्न हरेगावात उभा आहे. श्रीरामपूर तालुक्यातल्या या गावात १९४९ पासून सप्टेंबरमध्ये मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा भरते. दूरदूरचे लोक पायी येतात, नवस फेडतात. वारी पाहिलेल्या माणसाला त्यात काही अनोळखी वाटणार नाही. नगर भागातले बहुसंख्य ख्रिस्ती पूर्वाश्रमीच्या महार-मांग समाजातले. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित आजही बाहेर आहेत. धर्म बदलला म्हणून गावाने जात विसरली नाही, आणि चर्चच्या आतही ती सहजी विसरली गेली नाही. हा दोष परंपरेच्या नावावर खपवता येणार नाही.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष दिब्रिटो होते. एका धर्मगुरूला हा मान का, म्हणून आधी विरोध झाला, धमक्याही आल्या. पाठीचे दुखणे घेऊन ते गेले आणि संतांच्या मराठीत बोलले. ‘सुबोध बायबल’ या त्यांच्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार आधीच मिळाला होता. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या नव्या पोपनी चौदावे लिओ हे नाव घेतले. १८९१ च्या परिपत्रकाची आठवण आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने कामगारांपुढे उभे केलेले प्रश्न, ही दोन्ही कारणे त्यांनी सांगितली. मोनीस यांच्या वेळी सावकार होता, आता माणसाचे कामच यंत्राकडे जाते आहे. वसईच्या धर्मग्रामांत आज याहून जवळचा एक पेच आहे. मिस्सा मराठीतच होते, पण चर्चच्या आवारातल्या मराठी शाळांचे वर्ग रिकामे होत आहेत आणि मुले इंग्रजी माध्यमात जात आहेत. मुंबईच्या ईस्ट इंडियनांना जे शंभर वर्षांत झाले, ते वसईला एका पिढीत होऊ शकते. ‘निरोप्या’ आणि ‘सुवार्ता’ यांना पुढचा वाचक याच शाळांतून मिळायचा आहे.